कौतुक छापता, तशी मापेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान ट्रॅक्टरला गावातच बनवलेल्या अवजारांची छायाचित्रे आपल्या शेतीच्या पानावर वरचेवर येतात. खाली ओळ ठरलेली असते : अल्प खर्चात देशी जुगाड, मजुरीत बचत. छायाचित्र चांगले असते, पण त्यात एकही माप नसते. वाचक ते मोबाइलमध्ये घेऊन जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात जातो, दुकानदार नजरेने अंदाज घेतो आणि पट्ट्या कापायला लागतो. पुढे जे व्हायचे ते होते. पिन बसत नाही, अवजार वाकडे चालते, नाही तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. अशा प्रत्येक छायाचित्राखाली ट्रॅक्टरची ताकद, पिनांमधले अंतर, अवजाराचे वजन आणि ते वजन मागच्या ॲक्सलपासून किती लांब पडते, एवढे चार आकडे छापावेत, ही विनंती. ते का लागतात, हे पुढे लिहितो.

घरगुती अवजारांना विरोध म्हणून हे लिहीत नाही. ११ ते २५ एचपीच्या ट्रॅक्टरला त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. द्राक्षबागेत दोन ओळींत ९-१० फूट जागा असते. त्यातून मांडवाचे हात आणि ठिबकच्या नळ्या वजा केल्या की चालायला उरते ती पट्टी अरुंद. डाळिंब-पेरूत फांद्या आडव्या येतात. बाजारातली तयार अवजारे बहुतेक ३५ ते ५० एचपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली. ती लहान ट्रॅक्टरला अडकवली तर जातात, पण ओढवत नाहीत. तेव्हा आपल्या बागेच्या मापाचे अवजार करून घेणे हाच शहाणपणा. फक्त ते मापाने करावे.

पहिले माप जोडणीचे. मागच्या तीन बिंदूंच्या जोडणीला (खाली दोन आर्म, वर मध्ये टॉप लिंकचा दांडा) ठरीव प्रमाण आहे आणि लहान ट्रॅक्टरांत बहुधा 'कॅटेगरी १' सापडते. तिच्यात खालच्या दोन पिना २२ मिलिमीटर, म्हणजे दुकानाच्या भाषेत सात सूत. टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटर, म्हणजे सहा सूत. खालच्या पिनांच्या खांद्यापासून खांद्यापर्यंत ६८३ मिलिमीटर आणि खालच्या पिनेपासून टॉप लिंकच्या भोकापर्यंत उभी उंची ४६० मिलिमीटर. ही उंची अंदाजाने १२-१४ इंच ठेवली तर टॉप लिंकवर जोर वाढतो आणि अवजार उचलताना त्याचा कोन भलताच बदलतो. काही अरुंद मॉडेलांत मात्र आर्म जवळजवळ असतात आणि अगदी छोट्या यंत्रांत पिनाही बारीक, १६ मिलिमीटरच्या असतात. म्हणून पुस्तकातले माप पाठ असले तरी आधी आपल्या ट्रॅक्टरचे आर्म समांतर धरून टेपने मोजावेत, मगच लोखंड कापावे.

सगळ्यात उपयोगी घरगुती अवजार कोणते, असे कुणी विचारले तर उत्तर एकच : मोकळा टूलबार. एक आडवा बार, त्याला जोडणीचे तीन बिंदू, आणि त्यावर फण, पास (तण कापणारी आडवी पात), सरीचा रिजर असे जे लागेल ते शिकंजाने आवळायचे. प्रत्येक कामाला वेगळी फ्रेम करण्यात लोखंड आणि गोठ्यातली जागा दोन्ही वाया जातात. १५ ते २४ एचपीला ७२ बाय ७२ मिलिमीटरचा, ४.८ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. मीटरला साधारण दहा किलो भरतो. चार फुटांचा बार झाला बारा किलोचा. खालच्या पिनांसाठी १२ मिलिमीटर प्लेटचे चार कान, प्रत्येक बाजूला दोन. पिन एकाच कानात धरली तर ती हळूहळू वाकते आणि भोक लांबट होते. आतल्या दोन कानांच्या बाहेरच्या बाजूंमधले अंतर ६८३ ठेवावे आणि आतला व बाहेरचा कान यांत ४५ मिलिमीटर फट असावी, म्हणजे आर्मच्या टोकाची गोळी मोकळी बसते. टाके मारताना चारही कानांतून २२ मिलिमीटरचा एकच सरळ बार आरपार घालावा. तो अखेरपर्यंत काढायचा नाही. हे न करता कान वेगवेगळे जोडले की वेल्डच्या ओढीने भोके तिरपी होतात आणि नंतर पिन हातोड्याने ठोकावी लागते. ठोकून बसवलेली पिन शेतात निघत नाही.

टॉप लिंकचा मनोरा ५० बाय १० च्या दोन पट्ट्यांचा करावा. त्याच्या टोकापासून अवजाराच्या मागच्या भागापर्यंत ४० बाय ४० बाय ५ च्या अँगलचा तणावा हवाच. छायाचित्रांतल्या निम्म्या अवजारांना हा तणावा नसतो. नांगरट-कुळवणी चालू असताना टॉप लिंक मनोऱ्याला मागे ढकलते, अवजार उचलले की तीच पुढे ओढते. तणावा नसला तर मनोऱ्याच्या बुडाशी वेल्ड दोन्हीकडून हलत राहते आणि एका हंगामात केसासारखी चीर पडते. वरून रंग असल्याने ती दिसत नाही. दर महिन्याला तिथला रंग खरवडून पाहण्याची सवय ठेवावी.

फण बारला थेट वेल्ड करू नयेत. दोन १२ मिलिमीटर प्लेटा आणि चार १६ मिलिमीटरचे बोल्ट असा शिकंजा केला की फण हवा तिथे सरकतो. फणाला वर एक १६ मिलिमीटरचा बोल्ट बिजागरी म्हणून आणि खाली ८ मिलिमीटरचा साधा, ४.६ ग्रेडचा बोल्ट तुटण्यासाठी द्यावा. खडक लागला की लहान बोल्ट तुटतो, फण मागे झुकतो, बाकी सगळे शाबूत राहते. इथे होणारी चूक अशी, की दोनदा बोल्ट तुटला म्हणून वैतागून तिथे ८.८ चा हाय टेन्साइल टाकतात. मग बोल्ट टिकतो आणि बार पिळतो, किंवा लिफ्टचा आर्म वाकतो. पाच रुपयांच्या वस्तूने तुटायचे काम करावे म्हणून ती तिथे असते. आणि कडेचा फण ठिबकच्या लॅटरलपासून फूटभर आत हवा. चेक चेन, म्हणजे आर्म आडवे हलू न देणारी साखळी, सैल असली की वळणावर तेवढे अंतर सहज खाल्ले जाते, म्हणून बागेत दोन्ही चेन ताणूनच काम करावे.

द्राक्षात मात्र फणापेक्षा पास बरी. दोन इंचांवर तण कापते आणि वरच्या थरातली पांढरी मुळी फार दुखावत नाही. पास ट्रकच्या कमानपाट्याची करतात, ते योग्यच. पाट्याचे पोलाद धार धरते. बिघडते ते वेल्डिंगमध्ये. पाटा कार्बन-सिलिकॉनच्या कडक पोलादाचा असतो. नेहमीच्या ६०१३ रॉडने त्यावर थंड वेल्ड मारली की वेल्डच्या शेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते आणि पहिल्या दगडाला, बरोबर वेल्डच्या कडेने, खुटकन तुटते. लोक म्हणतात रॉड खराब होता. रॉड खराब नसतो, पद्धत चुकते. सरळ उपाय म्हणजे वेल्ड न करता बोल्टने बसवणे. लोहाराकडे पाटा लाल करून पंचने भोके पाडून घ्यावीत, मग राखेत सावकाश निवू द्यावा. धारेला पाणी द्यायचे, म्हणजे तापवून बुडवून ती कडक करायची असेल, तर तेलात द्यावे. पाण्यात बुडवल्यास चिरा पडतात. वेल्डच करायची असेल तर ७०१८ चा कोरडा रॉड घ्यावा, पाटा आधी २०० ते २५० अंशांपर्यंत तापवावा आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून ठेवावा.

पासेची रुंदी १५ एचपीला तीन फूट, २४ एचपीला हलक्या जमिनीत चार फूट. पास आणि वरची फ्रेम यांत १६ ते १८ इंच मोकळी जागा हवी, नाहीतर हराळी-लव्हाळ्याचा गोळा अडकून पास वर तरंगते. पास जमिनीत शिरतच नसेल तर त्यावर दगड ठेवण्याआधी टॉप लिंक दोन फेरे आखूड करून पाहावी. टॉप लिंक आखूड झाली की अवजाराचे तोंड खाली झुकते आणि धार लागते. फार आखूड केली तर उलट ती खोल घुसत जाते आणि चाक घसरते. हे सगळे वाफशावर. काळ्या जमिनीत ओल जास्त असताना पास चालवली की कापलेल्या थराच्या खाली चकचकीत तवा तयार होतो, आणि तो मोडायला पुढच्या वर्षी मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा लागतो.

आता वजनाबद्दल. याच विषयावर सर्वांत कमी छापून येते. महिंद्रा युवराज २१५ या १५ एचपीच्या ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता ७७८ किलो दिली आहे, आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही जवळपास तेवढेच. लिफ्ट उचलते म्हणून ट्रॅक्टर पेलतो, असे नाही. शिवाय ही क्षमता आर्मच्या टोकाशी मोजलेली असते. मर्यादा ठरते ती पुढच्या चाकांवर किती वजन उरते यावरून.

क्रेट वाहायच्या मागच्या फळीचेच उदाहरण घेऊ. समजा ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर, आणि दोन ॲक्सलमधले अंतर दीड मीटर. फळीवर २० किलोचे १२ क्रेट, म्हणजे २४० किलो. फळी आणि रिकाम्या क्रेटचे मिळून ६० किलो. एकूण ३००. या वजनाचा मध्य मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे पडतो. तीनशे गुणिले १.२ भागिले १.५, म्हणजे २४० किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. उरले ८०. पुढे निदान ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा, इथे १६० किलो, राहिलाच पाहिजे. नाहीतर स्टेअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर वळत नाही. हे सपाटीवरचे गणित झाले. बांध चढताना वजन आणखी मागे सरकते.

उपाय दोन. फळी २० सेंटिमीटर जवळ घेतली, म्हणजे मध्य १ मीटरवर आणला, की ४० किलो पुढच्या चाकांवर परत येतात, फुकटात. म्हणून फळीची चौकट आर्मच्या शक्य तितकी लगत करावी. मागे ऐसपैस जागा सोडण्यात काही शोभा नाही. दुसरा उपाय पुढे वजन टांगण्याचा. पुढच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे ६० किलो टांगले तर पुढच्या चाकांवर ८४ किलो वाढतात, कारण तेही तरफेनेच काम करते. त्यासाठी विकतची वजने हवीत असे नाही. रंगाच्या २० लिटरच्या बादलीत काँक्रीट भरले की ४८ किलोचा ठोकळा होतो. ओतण्याआधी मध्यभागी २० मिलिमीटरचा सळईचा आकडा, खाली आडवा तुकडा वेल्ड करून, सोडावा. नुसती सरळ सळई कधी ना कधी निसटते. ठोकळा पुढच्या बंपरच्या ब्रॅकेटला बोल्टने आवळावा. साखळीने लोंबता ठेवला तर प्रत्येक खड्ड्यात रेडिएटरच्या जाळीवर आपटतो.

फवारणीच्या पंपाची जोडणी हाही आवडीचा प्रकार. पीटीओ, म्हणजे अवजाराला फिरती ताकद देणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, सहा खाचांचा, ३५ मिलिमीटरचा. एचटीपी, म्हणजे तीन पिस्टनच्या, पंपाला बहुधा ८०० ते १००० फेरे लागतात. त्याच्या पाटीवर पाहून घ्यावेत. पीटीओकडे १० इंची पुली आणि पंपाकडे ६ इंची लावली की पंप ९०० वर फिरतो. बी सेक्शनचे दोन पट्टे घ्यावेत, एक घसरतो. इथवर बहुतेकांना जमते. चुकते ते पुली थेट पीटीओच्या शाफ्टवर चढवण्यात. पट्टा शाफ्टला सतत एका बाजूला ओढतो, आणि तो शाफ्ट अशा आडव्या ओढीसाठी केलेला नसतो. काही दिवसांत ऑइल सील गळू लागते, मग बेअरिंग जाते, आणि ते दुरुस्त करायला मागची पेटी उघडावी लागते. त्याऐवजी फ्रेमवर वेगळा ३५ मिलिमीटरचा शाफ्ट दोन यूसीपी २०७ बेअरिंगांवर बसवावा, पुली त्यावर, आणि पीटीओपासून तिथपर्यंत जॉइंटचा सरकता शाफ्ट. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे जॉइंटचे दुफाटे, एका रेषेत हवेत. पाव फेरा चुकवून जोडले की थरथर सुरू होते. सरकत्या शाफ्टची आतली नळी कामाच्या वेळी निदान एकतृतीयांश लांबीने बाहेरच्या नळीत असावी, आणि लिफ्ट पूर्ण वर-खाली करून ती बुडाला टेकत नाही ना किंवा निसटत नाही ना, हे इंजिन बंद असतानाच पाहावे. काही लहान ट्रॅक्टरांना पीटीओचा दुसरा, हजाराजवळचा वेग असतो. चुकून तो गिअर पडला तर याच पुल्यांवर पंप दीड हजाराच्या वर जातो.

या शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण आणि पट्ट्यांवर जाळी नसेल तर ते अवजार कितीही स्वस्त असो, छापू नये. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. सदऱ्याचे टोक किंवा पदर गुंडाळला गेला की हात ओढून घ्यायला वेळ मिळत नाही.

तणनाशकाच्या बूमचे, म्हणजे नोझल लावलेल्या आडव्या दांड्याचे, थोडक्यात. बारा व्होल्टचा पंप बॅटरीवर चालतो. बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज द्यावा, पंपापाशी नव्हे. नोझल किती पाणी टाकते ते मिनिटभर मापात धरून पाहावे. ०.६ लिटर आले, ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चालतो आणि नोझल एकमेकांपासून अर्ध्या मीटरवर आहेत, तर ६०० गुणिले ०.६, भागिले (४ गुणिले ०.५), म्हणजे हेक्टरी १८० लिटर. एकरी साधारण ७३. औषधाचे माप यावरून काढावे, टाकीवरून नव्हे. आणि द्राक्षाला २,४-डी चे वारेसुद्धा बाधते, म्हणून ऊस-ज्वारीला वापरलेली टाकी बागेत आणू नये.

घरी करू नये अशीही अवजारे आहेत. छाटणीच्या काड्यांचा कुट्टा करणारा रोटर त्यांत पहिला. ४० सेंटिमीटर व्यासाचा रोटर २००० फेऱ्यांनी फिरला की पात्याच्या टोकाचा वेग ताशी १५० किलोमीटर होतो. तोल साधायला आपल्याकडे यंत्र नसते, आणि सुटलेले पाते मागे उभ्या माणसाच्या पायांच्या उंचीवर जाते. हा विकतच घ्यावा. खड्डे पाडायच्या ऑगरची फ्रेम घरी करायला हरकत नाही, पण मुरुमात अडकल्यावर उलटा फिरत नाही हे धरून चालावे. पाइप पान्याने हाताने उलटा पिळूनच तो सोडवावा लागतो, पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद करून.

ट्रॉलीचे टोचन आणि ओढायची साखळी ही नेहमी मागच्या ॲक्सलच्या खाली, ड्रॉबारलाच. उखडायच्या खुंटाला साखळी बांधून दुसरे टोक टॉप लिंकच्या ब्रॅकेटला अडकवल्याची छायाचित्रे छापली गेली आहेत. ॲक्सलच्या वरून ओढ लागली आणि खुंट हलला नाही, तर ट्रॅक्टरच मागच्या चाकांभोवती उभा होतो. उलटायला सेकंद-दीड सेकंद पुरतो. क्लचपर्यंत पाय पोहोचत नाही.

कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान तपासणी झालेल्या अवजारालाच मिळते आणि ते बरोबरही आहे. पण गावच्या दुकानात होणारे काम त्यामुळे थांबत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्थांकडे अवजारे आखण्याचा अनुभव आहे. टूलबार, पास, मागची फळी आणि पंपाची फ्रेम या चारच वस्तूंचे मराठीतले आराखडे, लोखंडाच्या यादीसह, एकेका पानावर छापून वेल्डिंगच्या दुकानांत आणि आयटीआयमध्ये लावले तर मोठे काम होईल. आराखड्यात वेल्ड कुठे किती जाड, बोल्ट कुठल्या ग्रेडचा आणि किती एचपीपर्यंत चालेल, हे लिहिलेले असावे. आपले शेतीचे पान त्याला जागा देईल, अशी अपेक्षा.

आपला,
शेती अवजारे बनवणारा एक वाचक
ता. निफाड, जि. नाशिक

ता. क. : अवजार ट्रॅक्टरला जोडलेले असताना त्यावर वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीची अर्थिंगची वायर काढावी, आणि वेल्डिंगच्या अर्थिंगचा चिमटा अवजारालाच, वेल्डच्या वीतभर अंतरावर, लावावा. तो ट्रॅक्टरच्या चेसिसला लावला तर करंट पीटीओच्या आणि चाकांच्या बेअरिंगमधून जातो. गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे बेअरिंग घरघरू लागले की कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.